काळ्या चौकटीत नेमकं लिहिलंय काय?

अँटीडिप्रेसंट गोळीचं नाव गूगल केलंत की 'आत्महत्येचे विचार वाढू शकतात' हा इशारा हमखास समोर येतो. डिप्रेशनच्या गोळीवर हे? घाबरायला होणारच. त्यात इशारा आहे पंचविशीच्या आतल्यांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठीच.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, २००४ मध्ये मुलं आणि टीनएजर्ससाठी तो काळ्या चौकटीत छापायला लावला. २००७ मध्ये वयाची रेघ २४ पर्यंत नेली. आधार होता २४ चाचण्या आणि सुमारे ४,४०० मुलांचा. खरी गोळी घेणाऱ्यांत शंभरात ४ जणांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन दिसलं, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २. 'धोका दुप्पट' ही हेडलाइन इथली. खोटी नाही ती; पण या चाचण्यांत एकाही मुलाने आत्महत्या केली नव्हती, हे हेडलाइनमध्ये मावलं नाही.

गंमत म्हणजे चौकटीत 'गोळी देऊ नका' असं नाहीच. सुरुवातीचे काही महिने आणि डोस बदलताना पेशंटवर बारीक लक्ष ठेवा, असं आहे. झालं काय? अमेरिकेत गोळ्या लिहून देणं घटलं, डिप्रेशनचं निदानही घटलं, डॉक्टरांच्या भेटी मात्र वाढल्या नाहीत. सांगितलं ते राहिलं, न सांगितलेलं झालं! २०१४ मध्ये 'बीएमजे'त हार्वर्डच्या संशोधकांनी मांडलं, की इशाऱ्यानंतर टीनएजर्समध्ये मानसिक आजारांवरच्या औषधांच्या विषबाधेच्या केसेस सुमारे २२ टक्क्यांनी वाढल्या. टीकाकार म्हणाले, अशी प्रत्येक केस म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न नव्हे. शिवाय प्रत्यक्ष आत्महत्यांचं प्रमाण त्याच अभ्यासात बदललेलं नव्हतं. मुद्दा बरोबर आहे. म्हणून 'इशाऱ्यानेच जीव घेतले' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर तेही लगेच फॉरवर्ड करू नका.

चौकट ठेवावी की काढावी, यावर तज्ज्ञ अजून भांडतायत. माझ्या मते ठेवावी, पण पूर्ण वाचली जावी. आत्महत्येमागे डिप्रेशन हा आजारच मोठं कारण असतो, हेही २००७ मध्ये त्यात घातलं गेलंय. ते कुणी स्क्रीनशॉट काढून पाठवत नाही!

गोळी नुकतीच सुरू झाली असेल आणि अस्वस्थपणा, झोप उडणं, मरणाचे विचार असं काही नव्याने जाणवलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. घरात किंवा रूमवर कुणाला तरी सांगून ठेवा. मनाने गोळी बंद करू नका, एकदम थांबवल्यानेही त्रास होतो. रात्री-अपरात्री डॉक्टर मिळाले नाहीत तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे: १४४१६, चोवीस तास, फुकट आणि मराठीतही.