रक्त थांबले, प्रवाहाचे काय?

काही वर्षांपूर्वी एका सरकारी रुग्णालयाच्या खरेदी समितीत बसण्याचा प्रसंग आला. मनगटाच्या धमनीतून अँजिओग्राफी झाल्यावर रक्तस्राव थांबवण्यासाठी बांधायचा, हवा भरण्याचा पारदर्शक पट्टा घ्यावा की नाही, हा विषय होता. एक सदस्य म्हणाले, "गॉज आणि चिकटपट्टी असताना ही चैन कशाला?" दुसरे म्हणाले, "न्यूनतम दराची निविदा मंजूर करा आणि पुढचा विषय घ्या." दोघांची चूक एकच होती. रक्त थांबले की काम संपले, असे दोघांनीही गृहीत धरले होते.

मनगटातून हृदयापर्यंत जाण्याची ही पद्धत लुसियन कांपो यांनी १९८९ मध्ये मांडली. मांडीतून जाण्यापेक्षा तीत रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर उठून बसतो. मात्र नंतर धमनी अवाजवी दाबून ठेवली, तर तिच्यात गुठळी होऊन ती बंद पडू शकते. समीर पंचोली व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ४३६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीप्रमाणे दाब दिलेल्या रुग्णांपैकी १२ टक्के जणांची धमनी २४ तासांनी बंद आढळली. प्रवाह चालू ठेवून दाब दिलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते.

त्यासाठी लागते काय? बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावायचा, करंगळीच्या बाजूची धमनी दाबून धरायची आणि पडद्यावर लहर दिसेपर्यंत पट्टा हळूहळू सैल करायचा. रक्त मात्र येता कामा नये. काम काही मिनिटांचे आहे.

मग ते सर्वत्र का होत नाही? हाताला दुसरी धमनी रक्त पुरवत असल्याने बहुतेक रुग्णांना काहीच जाणवत नाही. तक्रार नाही म्हणून नोंद नाही आणि नोंद नाही म्हणून प्रश्नच नाही! पुढे पुन्हा अँजिओप्लास्टी, बायपास किंवा डायलिसिससाठी तीच धमनी हवी असते, तेव्हा नुकसान कळते. तोवर जुनी फाईल बंद झालेली असते.

२०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. दोन्ही निर्णय योग्यच होते. परंतु वस्तूची किंमत आणि दर्जा पाहणारे प्रशासन तिच्या वापराकडे पाठ फिरवत असेल, तर ते अर्धेच प्रशासन होय.

परिचारिका अपुऱ्या आहेत, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खोटे नाही. म्हणूनच पट्ट्याच्या खरेदीप्रस्तावात परिचारिकेचा वेळ आणि प्रशिक्षणही मोजले पाहिजे. घरी सोडतानाच्या कागदावर एक रकाना वाढवायला तर पैसाही लागत नाही: "धमनीतील प्रवाह तपासला: होय/नाही."

घरापासून दूर राहणाऱ्या माझ्या अनेक वाचकांना आईवडिलांच्या अँजिओग्राफीची बातमी फोनवरच कळते. "रक्त थांबले ना?" असे आपण विचारतोच. त्यापुढे एवढेच विचारा: "पट्टा असताना प्रवाह तपासला का?" हा प्रश्न वारंवार विचारला गेला, तर तो रकाना छापावाच लागेल.