रेडा सुटला हो!

सांगलीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "आमच्याकडे दिवाळीला मुलं-पुतणे जमले की रात्री सिनेमा बघायचा बेत असतो. ह्या वेळी 'जल्लिकट्टू' नावाचा मल्याळी सिनेमा ठरला आहे. रेडा सुटून गावात धुमाकूळ घालतो म्हणे. एक पुतण्या म्हणतो पोट धरधरून हसाल, दुसरा म्हणतो रात्री झोप येणार नाही. घरात सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा आहे का?"

बाई, तुमचे दोन्ही पुतणे खरं बोलताहेत. फक्त पहिल्याने अर्धा सिनेमा सांगितला आहे नि दुसऱ्याने उरलेला.

गोष्ट म्हटली तर चार ओळींची. केरळातल्या डोंगराळ भागातलं एक गाव. तिथला खाटीक वर्की आणि त्याचा मदतनीस अँटनी पहाटे एक रेडा कापायला नेतात. तो निसटतो नि सुसाट पळत सुटतो. पिकं तुडवतो, टपऱ्या मोडतो, समोर येईल त्याला धडक देतो. त्याला पकडायला आधी दहा माणसं धावतात, मग पन्नास, मग सगळा गाव, मग शेजारची गावंसुद्धा. तेवढ्यात गावातून घालवलेला कुट्टच्चन नावाचा एक गडी बंदूक घेऊन परत येतो. त्याचं आणि अँटनीचं जुनं वैर. झालं! रेडा राहतो बाजूला आणि 'पकडणार कोण' हाच प्रश्न होऊन बसतो.

दिग्दर्शक लिजो जोस पेल्लिश्शेरी. एस. हरीश ह्या मल्याळी लेखकाच्या 'माओवादी' ह्या कथेवरून हा सिनेमा त्यांनी केला आणि तो 2019 च्या ऑक्टोबरात थिएटरात लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या शेजारी गोव्यात, पणजीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्य मयूर मिळाला. आदल्या वर्षीही तो त्यांनाच मिळाला होता, 'ई. मा. याऊ' ह्या दुसऱ्या सिनेमासाठी. पुढे भारतातर्फे ऑस्करला पाठवायला 'जल्लिकट्टू'चीच निवड झाली. तिथे काही पदरात पडलं नाही, पण गिरीश गंगाधरन ह्यांना छायाचित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो का मिळाला हे सिनेमा बघताना कोणालाही कळेल. रात्रीच्या काळोखात शेकडो माणसं टेंभे नि बॅटऱ्या घेऊन डोंगर उतरताहेत, असं एक दृश्य आहे. नुसता उजेडच वाहत खाली येतो. बाई गं, ते विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही!

नावाबद्दल एक खुलासा, कारण आमच्याकडे ह्यावरून वाद झाला. जल्लिकट्टू हा तामिळनाडूतला पोंगलच्या दिवसांतला खेळ. त्यात माणसं उधळलेल्या बैलाच्या वशिंडाला लटकतात. आपल्या बैलगाडा शर्यतींसारखाच तोही कोर्टात गेला होता, आणि 2023 साली सुप्रीम कोर्टाने दोन्ही राज्यांचे कायदे एकाच निकालात मान्य केले. सिनेमात मात्र तो खेळ कुठेच नाही. सगळा गावच एका जनावराच्या अंगाला लटकतो, एवढाच नावाचा अर्थ घ्यायचा.

आता रेडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं बघा. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले तो एक रेडा, आणि यम ज्याच्यावर बसून येतो तो दुसरा. महिषासुर आहेच, नवरात्रात देवीच्या पायाखाली. आपण जरा कोणी मठ्ठपणा केला की 'रेडा कुठला' म्हणतो, आणि त्याच रेड्यापुढे हात जोडणाऱ्या गोष्टीही पोरांना सांगतो. केरळातल्या ह्या गावात ख्रिस्ती वस्ती बरीच. दिग्दर्शकाने यमाचं नाव घेतलेलं नाही, पण गावात एक म्हातारा मरणपंथाला लागलेला आहे आणि रेडा त्यालाही दिसतो. ते दृश्य आलं तेव्हा आमच्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि हळूच म्हणाल्या, "ह्याचा खरा गिऱ्हाईक हा."

सासूबाई बरोबर होत्या हे बरंच झालं. त्यांना सबटायटलं वाचता येत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. पण पहिल्या वीस मिनिटांनंतर त्यांनी मला गप्प बसवलं. "भांडतायत ते कळतंय मला, त्याला भाषा कशाला लागते?" त्यांचं बालपण सातारकडच्या खेड्यात गेलेलं. तिथे रेडा सुटला की कोण कोण धावायचं, कोण नुसतं पारावरून ओरडायचं आणि कोण दुसऱ्याच्या उसातून मुद्दाम पळायचं, हे त्यांना पाठ. सिनेमातला एकेक माणूस दिसला की त्या आपल्या गावातलं नाव घ्यायच्या.

विनोद आहे तो इथे. रेड्यामागे धावणाऱ्या प्रत्येकाचं काही ना काही वेगळंच काम आहे. कोणाला जुनं उट्टं काढायचं आहे, कोणाला पोलिसांपुढे मोठेपणा मिरवायचा आहे, कोणाला फुकट मटण हवं आहे, आणि बऱ्याच जणांना घरी करण्यासारखं काही नाही म्हणून ते आलेले आहेत. मिरासदारांच्या कथांतली पारावरची मंडळी आठवा, आणि त्यांच्या हातात कोयते नि दोर द्या. रेडा विहिरीत पडतो तो प्रसंग तर पुन्हा पुन्हा बघावा असा. अख्खा गाव काठावर उभा. वर कसा काढायचा ह्यावर जितकी तोंडं तितकी मतं. 'अमक्याच्या हातून निघता कामा नये' ह्यावर जास्तच. आमचे हे हसून हसून लाल झाले. म्हणाले, "अगं, ही तर आमच्या सोसायटीची वार्षिक सभा!" दोर लागतात, ओढाओढ होते, रात्र पडते. रेडा वर येतो, पुन्हा निसटतो आणि ह्या सगळ्यात एका माणसाचा जीव जातो. हसू ओठावर असतानाच तो जातो. हसणं बंद करायला दिग्दर्शक आपल्याला वेळच देत नाही.

गावात एक लग्नघरही आहे. मुलीच्या साखरपुड्याच्या जेवणात मटण आणि कप्पा व्हायलाच हवा, ही बापाची हौस. कप्पा म्हणजे टॅपिओका, आपण एकादशीला ज्याचा साबुदाणा खातो तोच कंद. केरळात तो उकडून मांसाबरोबर खातात, आणि आपण त्याला उपासाच्या ताटात बसवलं आहे. असो. बाहेर गाव पेटलेलं असताना ह्या गृहस्थांची चिंता एकच, पाहुण्यांच्या पानात काय वाढायचं. मुलीला हे स्थळ हवं आहे का, हे विचारायला मात्र त्यांना सवड नाही. आपल्याकडे कार्यालयाचा मेनू ठरवताना जे चालतं, त्याहून हे फार वेगळं नाही, हं!

मला ह्या सिनेमाबद्दल लिहावंसं वाटलं ते मात्र एका लहानशा प्रसंगामुळे. सुरुवातीच्या भागातच तो येतो नि जातो. एका घरात न्याहारीवरून कुरबूर होते आणि नवरा बायकोच्या कानाखाली मारतो. रेड्याचा त्या घराशी काही संबंध नाही. कॅमेराही तिथे फारसा थांबत नाही.

आमचा कॉलेजातला भाचा त्या दिवशी आला होता. चांगला मुलगा आहे, माझ्या हातची भांडी घासून देणारा. थप्पड बसली आणि तो फसकन हसला. आता त्याला वाईट म्हणता येईना, कारण तोवर सिनेमा होताच तसा चटचट, ताल धरून चाललेला. घड्याळाची टिकटिक, उघडणारे डोळे, खाटकाची सुरी, आणि त्या तालातच ती थप्पड. सासूबाईंनी मान वळवली आणि त्याला विचारलं, "काय रे, हसलास कशाला?" त्याला सांगता येईना. "गंमत वाटली," म्हणाला. त्या म्हणाल्या, "तिला वाटली का बघ." पण सिनेमा पुढे गेला होता.

मी शाळेत आठवड्यातून तीन दिवस शिकवते. नववीच्या वर्गातल्या तीन-चार मुलांनी हा सिनेमा पाहिला होता. मी सहज विचारलं, सगळ्यात गमतीचं काय होतं? विहीर, असं मुलगे म्हणाले. आणि एकाने ती थप्पड हात उगारून करूनच दाखवली. वर्ग हसला. मुलींच्या बाकावरून एक जण म्हणाली, "बाई, पण तो रेडा यायच्या आधीच मारतो ना हो तिला? मग रेड्याने काय बिघडवलं?" मी फळ्याकडे वळले नि धडा पुढे सुरू केला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

कारण पुढचा सगळा सिनेमा मग मला तिच्या त्या प्रश्नावरूनच दिसायला लागला. सिनेमात बायका थोड्या आहेत. त्या दारात उभ्या असतात नि ओरडून काही तरी सांगतात, पण ते कोणी ऐकत नाही. वर्कीची बहीण सोफी आहे. तिच्यावरून अँटनी नि कुट्टच्चनचं वैर आणखी धुमसतं, आणि अँटनी तिच्या मर्जीचा विचार न करता तिच्या अंगचटीला जातो. बाहेर रेडा, सगळे पुरुष रानात, आणि घरातल्या बाईला खरी भीती कोणाची? दिग्दर्शक ह्यावर भाषण करत नाही, हे त्याचं मोठेपण. काही समीक्षकांनी तक्रार केली की ह्यात स्त्रीपात्रांना वावच नाही. मला ती तक्रार पटत नाही. ज्या गावात बायकांना वाव नाही, ते गाव तसंच दाखवलं आहे. मात्र सोफीला आणखी दोन प्रसंग दिले असते तर मला आवडलं असतं. तिच्या मनात काय आहे ते शेवटपर्यंत धुक्यातच राहतं.

रेडा सिनेमात दिसतो तसा थोडाच. 1975 च्या 'जॉज' ह्या इंग्रजी सिनेमात यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गने तो कमी दाखवला आणि लोक जास्त घाबरले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. इथेही पुष्कळ ठिकाणी यांत्रिक रेडा वापरला आहे. पण इथली भीती शिंगांतून येतच नाही. ती आवाजातून येते. माणसांच्याच तोंडचे हुंकार, आरोळ्या नि श्वास ह्यांचं प्रशांत पिल्लई ह्यांनी संगीत केलं आहे. थोड्या वेळाने जनावर हंबरतंय की माणसं, ते कळेनासं होतं. ते डोंगर एके काळी दाट रान होते, तिथे माणसांनी येऊन रान तोडून वेलची-मिरीची शेती केली. गावातला एक जुना माणूस धावणाऱ्या गर्दीकडे बोट दाखवून म्हणतो की ही दोन पायांवर चालत असली तरी जनावरंच आहेत. हे वाक्य मला जरा जास्तच उघड वाटलं. आपल्याला ते तोवर दिसलेलं असतं.

शेवट सांगत नाही. चिखल आहे, एवढंच सांगते. इतका चिखल आणि त्यात इतकी माणसं, एकावर एक, की कोणाचा हात नि कोणाचा पाय ते ओळखू येत नाही. आमच्या खोलीत कोणी बोलत नव्हतं. भाचाही नाही. सासूबाई तेवढ्या पुटपुटल्या, "उद्या हे कपडे धुणार कोण?"

तर सांगलीच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. लहान मुलांना झोपवा नि मग लावा. दहावी-अकरावीच्या पुढची मुलं बसू द्यात, मुलगे तर जरूर बसू द्यात. तुमचं घर शाकाहारी असेल तर सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं जड जातील, मटणाचं दुकान अगदी जवळून दाखवलं आहे. म्हणून जेवणं आधी उरका, फराळाचं ताट पुढ्यात ठेवू नका. सिनेमा दीड तासाचाच आहे, तेव्हा मध्ये चहाला उठू नका, तेवढ्यात रेडा दुसऱ्या गावात पोचलेला असतो. आणि ती थप्पड येईल तेव्हा पडद्याकडे न बघता जरा खोलीकडे बघा, कोण हसतं आणि कोण नाही ते. पुतण्यांना लगेच काही बोलू नका, सिनेमा संपू द्या. काय दिसलं ते मला कळवा.