आरंभीची शिल्लक



आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई विजापूरकडच्या. नवरा इथे सांगलीत बांधकामावर. मुलगी तिसरीत, मराठी शाळेत. दिवाळीच्या सुट्टीत त्या तिचं प्रगतिपुस्तक पदराखाली झाकून घेऊन आल्या. "अक्का, काय लिहिलंय बघा की." शेरा होता : 'गणित कच्चे. वर्गात बोलत नाही. घरी मराठीत बोलावे.'

शेवटचं वाक्य बाईंना शाळेतही तोंडी सांगितलं होतं. त्यांना मराठी येतं ते कामापुरतं. त्यामुळे त्यांनी लेकीशी बोलणंच कमी केलं होतं. "माझं कन्नड पोरीला बाधलं," म्हणाल्या. ते ऐकून मला जेवण गेलं नाही.

माझं माहेर बेळगावकडचं. घरात कन्नड, देवळात कन्नड. म्हणून पोरीला समोर बसवलं आणि पुस्तकातल्यासारखं एक गणित घातलं. रमाकडे ४५ बोरं होती, त्यांपैकी १८ वाटली, किती उरली? तिनं लिहिलं ६३. दोन आकडे दिसले, बेरीज करून मोकळी! तेच मी कन्नडमध्ये विचारलं, "एष्टु उळिदवु?" बोटं मोडली आणि लगेच म्हणाली, "इप्पत्तेळु." सत्तावीस. बरोबर! म्हणजे वजाबाकी येत होती, अडत होतं ते 'पैकी' आणि 'उरली'पाशी.

मग मी म्हटलं, आता सत्तावीस अंकात लिही. तिनं लिहिलं ७२. क्षणभर मलाही वाटलं, खरंच कच्ची आहे. मग लक्षात आलं. कन्नडमध्ये 'इप्पत्तु' म्हणजे वीस आधी आणि 'एळु' म्हणजे सात नंतर. मराठीत सात आधी, वीस मागून. तिनं आधी ऐकलं ते आधी लिहिलं.

२०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस सात' अशा वाचनाचीही सोय दिली, तेव्हा किती विनोद फिरले होते! मीही दोन-चार पुढे पाठवले होते. आज त्याची लाज वाटते. ती सोय अशा मुलांसाठी किती मोलाची आहे, हे मला कळलंच नव्हतं.

मी बी.कॉम. झाले तेव्हा पहिला धडा होता तो वहीत आरंभीची शिल्लक नीट ओढून आणण्याचा. ती राहिली तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. परभाषेतून आलेल्या मुलाचं शाळेत नेमकं हेच होतं. त्याची घरची भाषा, घरचे हिशेब, आजीच्या गोष्टी ही सगळी शिल्लक बाहेर राहते आणि खातं शून्यापासून उघडलं जातं.

बाईंचं, म्हणजे शिक्षिकेचंही मला कळतं. एका वर्गात कन्नड, हिंदी, तेलुगू, लमाणी बोलणारी मुलं. त्या सगळ्या भाषा कुठून शिकणार? आणि मराठी तर मुलीला यायलाच हवी, इथं राहायचं आहे तिला. पण दोन खाती वेगळी ठेवता येतात. गणिताची समज एका ओळीत, मराठीची प्रगती दुसऱ्या ओळीत. नुसते आकडे मांडलेलं गणित येतं आणि शब्दांतलं चुकतं, तर दोष बहुधा भाषेचा. वर्गातल्याच दुसऱ्या कन्नड मुलाकडून किंवा पालकांकडून एकदा विचारून घ्यावं. चित्र काढून सांगावं. 'एकूण', 'पैकी', 'उरले' हे शब्द बोरं-खडे हातात देऊन शिकवावेत. आणि गप्प बसणाऱ्या मुलाला थोडा वेळ द्यावा. नवी भाषा ऐकताना मूल आधी साठवतं, मग बोलतं. घरच्या भाषेतही मूल अडत असेल तर मात्र अडचण वेगळी समजावी आणि वेळेवर मदत घ्यावी. तोही निवाडा घरच्या भाषेत विचारल्याशिवाय होत नाही.

यात नवं काही नाही. शक्य तोवर मातृभाषेतून शिकवावं, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदाच सांगतो. आपल्याला तर ते त्याहून जुनं आहे. भगवान महावीरांचा उपदेश पंडितांच्या संस्कृतात नव्हे, लोकांच्या अर्धमागधीत झाला. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी कधी वाकून पाहिलंत? मूर्ती चावुंडरायानं करवली, ही एकच गोष्ट तिथं कन्नड, तमिळ आणि मराठीत कोरलेली आहे. एका भाषेतलं खरं आणि दुसरीतलं कच्चं, असं तिथं कुणी म्हणत नाही.

मी बाईंना सांगितलं, घरी पोटभर कन्नड बोला. भाजीचे पैसे तिच्याकडूनच मोजून घ्या. बाईंसोबत शाळेतही जाऊन आले. शिक्षिकेनं वही पाहिली, ६३ आणि ७२ दोन्ही पाहिले, आणि म्हणाल्या, "हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं." तो शेरा अजून तसाच आहे. पण पोर आता संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून मला मराठीत पाढे म्हणून दाखवते, आणि चुकली की कन्नडमध्ये हसते.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचं मूल कुठल्या भाषेत मोजतं? एकदा विचारून बघा.