माशाच्या केशवाहिन्या आणि सासूबाईंचा डोळा

पाथर्डीहून एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. सासूबाईंस मधुमेह, डोळ्याच्या पडद्यास सूज येऊन पोथीचीं अक्षरें वांकडीं दिसूं लागलीं. डॉक्टरांनीं डोळ्यांत सुई टोंचून औषध घालण्याचें सुचविलें, तेव्हां घरांतील वडील मंडळी हादरून गेली आहेत.

या सुईची हकीकत समजण्यास एक मासा उपयोगी पडतो. गंगेच्या खोऱ्यांतील ओढ्यांत व भातखाचरांत आढळणारा हा दीड इंची पट्टेरी झेब्रा मासा आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतही अभ्यासिला जातो. त्याचें पिल्लू अंड्यांत कांचेसारखें पारदर्शक असतें. एका दिवसांत फिरूं लागलेलें रक्त सूक्ष्मदर्शकांतून स्पष्ट दिसतें. पाहणारा थक्कच होतो!

केशवाहिनीची भिंत अवघ्या एका पेशीच्या जाडीची. आसपासच्या पेशी 'व्हीईजीएफ' नांवाचें प्रथिन निरोपासारखें धाडतात. तें भिंतीस भिडलें कीं पेशींमधील सांधे सैल होतात, पाणी झिरपतें, नव्या फांद्या फुटतात. १९८३ सालीं अमेरिकेंत सेंगर व ड्वोरॅक प्रभृतींस तें प्रथम गवसलें तें या झिरपण्यावरूनच. हा निरोप अडविला तर माशाच्या पिल्लांत वाहिन्यांचें जाळें धड विणलें जात नाहीं. तेव्हां तो मुळांत वैरी नव्हे.

मधुमेहांत पडद्यास प्राणवायु अपुरा पडतो आणि हाच निरोप बेसुमार सुटतो. सुईंतील औषध त्यास वाटेंतच धरतें. डोळा आधीं बधिर करितात, त्यामुळें दुखणें थोडें. परंतु औषधाचा गुण कांहीं आठवड्यांत ओसरतो व सुई पुनःपुन्हां घ्यावी लागते. भगिनींनीं पुढील फेरीची तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.