बोटीत पाणी भरा, पण आधी ते बाहेर कसं काढणार ते ठरवा

मेमोरियल डे जवळ आला की तळ्याकाठी राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये एक नवा प्रकल्प डोकं वर काढतो. जुनी वेकबोर्डिंगची बोट स्वस्तात मिळालेली असते, मुलं तेरा-चौदा वर्षांची झालेली असतात, आणि शेजाऱ्याच्या नव्याकोऱ्या बोटीमागे उठते तशी लाट आपल्या बोटीमागे काही केल्या उठत नाही. मग गॅरेजमध्ये पंप, पाइप आणि पाण्याच्या मोठमोठ्या पिशव्या येऊन पडतात. तुमच्यापैकी कुणी सध्या याच वाटेवर असेल तर हा लेख त्यांच्यासाठी. घरी बॅलास्ट बांधण्याला माझा अजिबात विरोध नाही. उलट कारखान्यात बसवलेल्या टाकीपेक्षा चांगली व्यवस्था तुम्ही घरी करू शकता असं माझं मत आहे. अट एकच: रचना करताना पाणी पूर्ण बाहेर कसं येईल हे आधी ठरवायचं, आत कसं जाईल हे नंतर.

बॅलास्ट म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भरलेलं वजन. मराठीत त्याला नीरम असा जुना शब्द आहे. पूर्वी त्यासाठी दगड आणि वाळू वापरत, आता पाणी वापरतात. वेकबोर्डिंगच्या बोटीत मात्र हेतू वेगळा. इथे स्थैर्यासाठी नाही, तर बोट मुद्दाम खोल बसावी म्हणून वजन घालतात. आपला शाळेतला आर्किमिडीज इथे कामाला येतो: बोट जितकी जड, तितकं जास्त पाणी ती बाजूला सारते, आणि ते पाणी मागे पुन्हा एकत्र येताना लाट उठते.

वेगाचाही यात मोठा वाटा आहे. पाण्याला भेदत जाणाऱ्या बावीस फुटी बोटीचा नैसर्गिक वेग साधारण सव्वासहा नॉट, म्हणजे ताशी सात मैलांच्या आसपास असतो. त्याच्या बऱ्याच वर गेलं की बोट पाण्यावर चढून घसरू लागते आणि लाट आटोपशीर होते. वेकसर्फिंग चालतं ताशी दहा-अकरा मैलांना, म्हणजे बोट धड पाण्यातही नाही आणि धड पाण्यावरही नाही अशा अवस्थेत. इंजिनाची बरीचशी ताकद तिथे लाट करण्यात खर्च होते. इंधनाचं बिल बघून आश्चर्य वाटत असेल तर ते याचं.

आता आकडे. बाजारात मिळणारी साडेसातशे पौंडांची पिशवी म्हणजे ३४० लिटर, सुमारे ९० गॅलन पाणी. अशा तीन पिशव्या भरल्या की हजार किलोच्या वर वजन होतं, म्हणजे तेरा-चौदा मोठी माणसं जास्तीची बसवल्यासारखं. वीस फुटांपेक्षा लहान मोटरबोटीवर किती वजन चालेल याची पाटी लावणं अमेरिकेत संघराज्याच्या नियमानुसार सक्तीचं आहे. मागाहून घातलेला बॅलास्ट त्या आकड्यात मोजायचा. पाणी तर आहे, माणसं थोडीच आहेत, हा हिशेब बोटीला समजत नाही.

अर्धवट भरलेल्या पिशवीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझं रोजचं काम द्रवगतिकीतलं आहे आणि हा मुद्दा लोकांना पटता पटत नाही. पूर्ण भरलेली पिशवी म्हणजे एक ठोकळा. रिकामी पिशवी म्हणजे काहीच नाही. अर्धी भरलेली पिशवी या दोन्हींपेक्षा वाईट. बोट डावीकडे कलली की आतलं पाणीही डावीकडे धावतं आणि बोटीला आणखी कलवतं. याचा परिणाम पाणी किती आहे यावर फारसा अवलंबून नसतो, तर मोकळ्या पृष्ठभागाच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. म्हणून बोटीच्या रुंदीभर एकच आडवी टाकी ठेवण्याऐवजी तिचे डावा-उजवा असे दोन भाग केले, तर प्रत्येक भागाचा परिणाम एक-अष्टमांश होतो आणि दोघांचा मिळून एक-चतुर्थांश. फक्त मध्ये एक पडदा टाकून! रवळीनाथाच्या जत्रेला निघालेल्या होडीत नावाडी सगळ्यांना एका बाजूला उभं राहू देत नाही, त्यामागचं शास्त्र यापेक्षा फार वेगळं नाही.

काही जण पाण्याची कटकट नको म्हणून शिशाची किंवा पोलादी छऱ्यांची पोती ठेवतात. जागा नक्कीच वाचते. ६८० किलो पाण्याला ६८० लिटर जागा लागते, तेवढ्याच वजनाचं शिसं साठ लिटरमध्ये मावतं. पण बोटीत पाणी शिरून ती बुडायला लागली, तर पिशवीतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच जड असल्यामुळे बोटीला खाली ओढत नाही. शिसं ओढतं. शिवाय ते ट्रेलरवरही बसून राहतं, आणि ट्रेलरची क्षमता बोटीच्या वजनाला जेमतेम पुरेल इतकीच असते. याच कारणामुळे घरच्या नळाचं पाणी भरून बोट रस्त्याने नेणंही जमण्यासारखं नाही. तेव्हा तळ्यातलं पाणी तळ्यातच घ्यायचं आणि तळ्यातच सोडायचं, हे ओघानेच आलं.

आणि खरी अडचण त्या 'सोडायचं' मध्ये आहे.

१९८८ साली मिशिगन आणि ओंटारियोच्या मधल्या सेंट क्लेअर तळ्यात झेब्रा शिंपला सापडला. युरोपातून आलेल्या मालवाहू जहाजांच्या बॅलास्टच्या पाण्यातून तो आला असं मानलं जातं. जानेवारी २००७ मध्ये त्याचा भाऊबंद क्वागा शिंपला नेवाडातल्या लेक मीडमध्ये मिळाला. मध्ये रॉकी पर्वत आहेत, मालवाहू जहाजं काही तिथे चढत नाहीत. तो गेला ट्रेलरवरच्या बोटींसोबत. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॉकटनच्या बंदराजवळ आशियातला सोनेरी शिंपला सापडला, उत्तर अमेरिकेतली ती पहिलीच नोंद. आपण मुंबईची माणसंही या गोष्टीला नवी नाही. कॅरिबियन भागातला काळ्या पट्ट्यांचा शिंपला १९६०च्या दशकात विशाखापट्टणमला आणि पुढे मुंबईच्या गोदीत येऊन चिकटलेला आहे.

तिसऱ्यांसारखं सुकं करून संपवता येईल का, असं मला एका कोकणी मैत्रिणीने अगदी गंभीरपणे विचारलं होतं. नाही. नखाएवढा जीव, मांस नावापुरतं, आणि पाणी गाळताना त्यातली विषारी द्रव्यं अंगात साठवतो.

या शिंपल्याची मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी घालते. त्यातून निघणारी अळी डोळ्यांना दिसत नाही, एका मिलिमीटरचा दहावा हिस्सा वगैरे आकाराची असते, आणि काही आठवडे पाण्यात नुसती तरंगते. साचलेल्या पाण्यात ती उन्हाळ्यात काही दिवस आणि थंड हवेत काही आठवडे तग धरू शकते. म्हणजे शनिवारी एका तळ्यात आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या तळ्यात, एवढा प्रवास तिला सहज झेपतो.

तुमचा याच्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर ऑस्टिनच्या वाचकांना विचारा. तिथे लेक ट्रॅव्हिस आणि लेक ऑस्टिनमध्ये झेब्रा शिंपला २०१७ साली आढळला. फेब्रुवारी २०१९ मध्ये शहराच्या नळाच्या पाण्याला कुजकट वास येऊ लागला, आणि शोध घेतल्यावर कारण निघालं जलशुद्धीकरण केंद्राला कच्चं पाणी आणणाऱ्या पाइपातले शिंपले. एकदा तळ्यात शिरलेला हा प्राणी मोठ्या तळ्यातून पूर्ण काढून टाकण्याची व्यवहार्य पद्धत आज कुणाकडेही नाही.

टेक्सासमध्ये २०१४ पासून राज्यभर नियम आहे की सार्वजनिक तळ्यावरून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढायचं. इतर अनेक राज्यांतही तसंच आहे. नियम योग्यच आहे. पण वेकबोर्डिंगच्या कित्येक कारखानी बोटींच्या टाक्यांची रचनाच अशी असते की 'रिकामी' असं बटणाने सांगितल्यावरही आत बरंच पाणी उरतं, अनेकदा दहा-वीस लिटरच्या वर. मालकाने प्रामाणिकपणे पंप चालवला, दिवा विझला, तो घरी गेला. कायदा त्याने पाळला की मोडला? माझ्या मते इथे दंड करायचाच तर आधी पूर्ण रिकामी न होणारी टाकी विकणाऱ्यांना जाब विचारायला हवा. वापरणाऱ्याला अशक्य गोष्ट सांगून नियम पाळला जात नाही.

घरी बांधणाऱ्याला हे बंधन नाही, आणि म्हणूनच माझी तुमच्याकडून अपेक्षा जास्त आहे. पाइपाचंच बघा. आतून एक इंच व्यासाचा तीस फूट पाइप म्हणजे साडेचार लिटर पाणी. तो जिथे झोळीसारखा लोंबतो तिथे ते राहणारच. तेव्हा पाइप सरळ उतारावर बसवा आणि सगळ्यात खालच्या बिंदूला हाताने उघडायची तोटी द्या. पिशवीच्या तोंडाशी रिकामं होताना रबर चिकटून बसतं आणि मागे पाणी अडकतं, म्हणून तोंड पिशवीच्या खालच्या कोपऱ्यात हवं आणि पिशवी चटकन सोडवून बाहेर काढता यायला हवी. तळ्यावरून आल्यावर ती अंगणात उलटी टांगून खडखडीत वाळवली, तर कारखान्यातल्या बंद टाकीला जे जमत नाही ते तुम्ही केलंत. दुसऱ्या तळ्यावर लगेच जायचं असेल तर तपासणी केंद्रावर आतून गरम पाणी फिरवून घ्या. बॅलास्टसाठी ते १२० अंश फॅरनहाइटच्या आसपास ठेवतात, कारण त्याहून गरम पाणी पंपाला आणि पिशवीला सोसत नाही.

पंपाची निवडही याच दृष्टीने करा. साधा पंखा फिरणारा पंप स्वस्त आणि जलद असतो, ताशी आठशे गॅलनचा पंप ९० गॅलनची पिशवी कागदावर सात मिनिटांत भरतो. पण बंद असताना त्यातून पाणी आरपार जाऊ शकतं, आणि पिशवी पाण्याच्या पातळीखाली असेल तर ती नकळत भरत राहते. त्यामुळे बोटीच्या तळाला पाडलेल्या भोकाशी बंद करता येणारा झडपेचा नळ असलाच पाहिजे. तो नसेल तर बाकीचं काहीही बांधू नका. रबरी पात्यांचा पंप दोन्ही दिशांनी चालतो, बंद असताना पाणी बऱ्यापैकी अडवतो आणि शोषूनही जास्त काढतो. मी तोच घेईन. इंजिनाच्या कप्प्यात बसवणार असाल तर ठिणगी बाहेर पडू न देणारा, बोटीसाठीच बनवलेला पंप घ्या. पेट्रोलच्या वाफेशी प्रयोग नकोत.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांची तक्रार मात्र रिकाम्या पिशवीने सुटत नाही. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लाट दुप्पट उंच झाली की काठावर आदळणारी ऊर्जा किमान चौपट. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये मोजून दाखवलं की साध्या बोटीची लाट दोनशे फुटांवर जितकी शमते, तितकी शमायला वेकसर्फिंगच्या लाटेला पाचशे फुटांहून जास्त अंतर लागतं. व्हरमाँटने २०२४ पासून किनाऱ्यापासून पाचशे फूट अंतर आणि वीस फूट खोली सक्तीची केली, शिवाय प्रत्येक वेकबोटीला एक 'घरचं तळं' नोंदवायला लावलं. तळं बदलायचं तर आधी निर्जंतुक करून घ्या. आपल्यातले बरेच जण या नियमांवर चिडतात. मला ते सरसकट बंदीपेक्षा शंभर पटींनी बरे वाटतात, आणि तुमच्या राज्यात असा नियम नसला तरी पाचशे फूट पाळायला कुणाची हरकत नसते.

पहिल्या फेरीनंतर एक मोजमाप जरूर करा. तळ्यावरच सगळं रिकामं करा, बोट ट्रेलरवर चढवा, घरी येऊन तिचं नाक वर उचला, खालची तोटी उघडा आणि निघेल ते पाणी बादलीत धरा. लिटरभराहून जास्त निघालं तर पाइप पुन्हा बसवा. आणि ते बादलीतलं पाणी गटारात ओतू नका, गवतावर ओता.