डोकी मोजून हक्क?

डिसेंबर २०१५मध्ये खासदार शशी थरूर यांनी प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७मधून वगळणारे खासगी विधेयक आणले, तेव्हा लोकसभेने ते मांडूच दिले नाही. विरोधात ७१, बाजूने २४. बहुमताच्या हिशेबात हे बिनचूकच! त्याआधी, २०१३मध्ये, हे कलम कायम ठेवताना खुद्द सर्वोच्च न्यायालयानेही समलिंगी समाजाची संख्या नगण्य असल्याचे कारण पुढे केले होते. डोकी मोजण्याचा मोह न्यायासनालाही आवरला नाही. २०१८मध्ये पाच न्यायमूर्तींनी एकमताने ती चूक दुरुस्त केली. मतपेटीत ज्यांचे वजन पडत नाही, त्यांनी न्यायालयाशिवाय दाद मागायची तरी कुठे? मात्र २०२३मध्ये समलिंगी विवाहाचा प्रश्न न्यायालयाने संसदेकडे टोलवला. संसदेने आता निदान चर्चा तरी नाकारू नये.