सूनबाईंची परीक्षा

२०२२ सालच्या नोव्हेंबरांत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे न्यू जर्सीस गेलों. नातू अडीच वर्षांचा. त्याला खेळवावें, बर्फ पाहावें आणि चैत्रांत परत यावें, एवढाच बेत होता. तेथें गेल्यावर कळलें कीं, सूनबाई परीक्षेला बसल्या आहेत. छत्तिसाव्या वर्षीं, नोकरी आणि मूल सांभाळून परीक्षा! मला तें मनांतून रुचलें नाहीं, हें प्रथमच कबूल करतों.

तिकडे सनदी हिशेबनीस व्हावयाचें तर त्या काळीं चार भाग उत्तीर्ण व्हावे लागत (२०२४ पासून रचना बदलली आहे). प्रत्येक भाग चार तासांचा, प्रत्येकांत ७५ गुण हवेत. आणि पहिला भाग पदरांत पडल्यापासून अठरा महिन्यांच्या आंत बाकीचे पुरे झाले नाहींत, तर तो पहिला भागही बाद! सूनबाईंचे तीन झाले होते. करविषयक भागांत एकदां ७१ गुणांवर गाडी अडली होती, आणि अठरावा महिना मार्चमध्यें भरत होता.

एके दिवशीं पहाटे चहासाठीं उठलों तों ती जेवणाच्या मेजावर वहीवर डोकें ठेवून झोपलेली. जागी झाली नि ओशाळून म्हणाली, "बाबा, हें पर्यायी किमान कराचें प्रकरण पाठ होतें, पण कळत नाहीं."

मी म्हटलें, "मग मला शिकव. मला कळलें तर तुला कळलें असें समजूं."

तिनें भराभर यादी म्हणावयास आरंभ केला : राज्याला भरलेला कर परत मिळवावयाचा, अमुक रोख्यांचें व्याज मिळवावयाचें, तमुक वजावट काढून टाकावयाची. मी विचारलें, "पण कां?" यादी म्हणणारा विद्यार्थी या प्रश्नाला नेहमी थांबतो. तीही थांबली. मग दोघांनीं मिळून मूळ शोधलें. १९६९ च्या जानेवारींत अमेरिकेचे अर्थमंत्री जोसेफ बार यांनीं तेथील लोकप्रतिनिधींना सांगितलें कीं, दोन लाख डॉलरांहून अधिक उत्पन्नाच्या १५५ माणसांनीं १९६६ सालचा आयकर एक पैही भरलेला नाहीं. त्यांत चोरी नव्हती; साऱ्या सवलती कायदेशीर होत्या. त्याच वर्षीं किमान कराचा कायदा झाला, आणि १९७८ च्या कायद्यानें त्याला हल्लींचें पर्यायी रूप आलें.

हें ऐकतांच मला आमच्या व्याकरणाची आठवण झाली. उत्पन्नावर कर, हा उत्सर्ग. सवलत, हा त्याचा अपवाद. आणि अपवादालाच बाधा आणून मूळ नियम पुन्हां उभा करणें, याला आमचे शास्त्री प्रतिप्रसव म्हणतात. हा कर म्हणजे प्रतिप्रसवच! सूनबाई हंसली, पण तो शब्द तिनें वहींत लिहून घेतला.

मग हिशेब सोपा झाला. समजा, पतिपत्नींचें नेहमीचें करपात्र उत्पन्न २,००,००० डॉलर. त्यांत राज्यकराची वजावट १०,००० परत मिळविली आणि समभागांवरील लाभ १,५०,००० मिळविला, झाले ३,६०,०००. २०२२ ची दांपत्याची सूट १,१८,१०० वजा केली, उरले २,४१,९००. पहिल्या २,०६,१०० वर शेंकडा २६, पुढील रकमेवर शेंकडा २८ : एकूण ६३,६१०. नेहमीच्या रीतीनें कर येतो ३५,६७१. दोहोंतील अंतर, २७,९३९, हाच पर्यायी कर. दोन रीतींनीं मोजावयाचें आणि अधिक येईल तें द्यावयाचें.

तो समभागांचा लाभ मात्र मला पटेना. नोकराला कंपनीचा शंभराचा समभाग दहा डॉलरांस घेण्याचा हक्क असतो. तो त्यानें घेऊन वर्षअखेर जवळ ठेविला, तर विकला नसतांही मधले नव्वद पर्यायी हिशेबांत उत्पन्न ठरतात. २००० सालीं कित्येकांनीं असे समभाग घेतले, पुढें भाव कोसळले, शंभराचे पांच झाले. कर मात्र नव्वदांवरच! नफा कागदावर आणि देणें रोख. २००६ व २००८ च्या कायद्यांनीं त्यांना बरीचशी सुटका दिली. तोंवर किती संसारांची झोप उडाली असेल! शिवाय सुटीची रक्कम महागाईप्रमाणें आपोआप वाढत नसे. ती सोय २०१३ च्या आरंभीं झाली. १५५ धनिकांसाठीं टाकलेल्या जाळ्यांत मधल्या काळांत मध्यम स्थितीचे लक्षावधि लोक सांपडले.

सूनबाई अडत होती ती आणखी एका ठिकाणीं. या करापैकीं कांहीं पुढील वर्षांत जमेस मिळतो, कांहीं मिळत नाहीं. समभागाच्या बाबतींत फरक केवळ काळाचा, म्हणून मिळतो. राज्यकराच्या बाबतींत फरक कायमचा, म्हणून नाहीं. "आधीं हें विचारावयाचें, यादी मागून," असें तीच मला सांगूं लागली, तेव्हां मी शिकवणी संपवली.

हें सारें आमची सौ. ओट्याजवळून ऐकत होती. ती इतकेंच म्हणाली, "माझ्या वेळीं कोणी 'मला शिकव' म्हटलें नाहीं." १९८४ सालीं तिचें बी. ए. चें दुसरें वर्ष होतें. त्याच महिन्यांत माझ्या बहिणीचें लग्न निघालें, आणि परीक्षा पुढल्या वर्षीं दे, असें मीं सांगितलें. तें पुढलें वर्ष आलें नाहीं. मी उत्तर दिलें नाहीं, देण्यासारखें नव्हतेंच. दुसऱ्या दिवसापासून नातवाची न्याहारी, स्नान, झोप सारें तिनें आपल्याकडे घेतलें, आणि संध्याकाळचा स्वयंपाक चिरंजीवांकडे व माझ्याकडे आला. माझ्या पोळ्यांविषयीं कोणी विचारूं नये.

परीक्षा फेब्रुवारींत झाली. निकाल मार्चच्या पहिल्या आठवड्यांत आला : ८१. सूनबाई आधीं सासूच्या गळ्यांत पडली, मग मला नमस्कार केला. हा क्रम योग्यच होता.

पुण्यास परतल्यावर जून महिन्यांत सौ. नें मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणून माझ्या मेजावर ठेविला. त्यावर माझी सही लागत नाहीं, फक्त चष्मा हवा आहे, असें तिनें आधींच सांगून टाकलें.